रामाजींचं वॉल्थर

दिवाकरनं वर्तमानपत्राची गुंडाळी उलगडली आणि त्याच्या काळजात धस्स झालं. आतलं पिस्तूल लखलखत होतं.

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन वॉल्थर, बत्तीस बोअरचं. क्लबच्या रेंजवर त्यानं ते कितीदा तरी हातात घेतलं होतं. तेव्हा त्याचा रंग निळसर काळा होता, फौजेचा शिक्का स्पष्ट होता. जुन्या लष्करी हत्याराची सगळी शान त्या रंगात आणि त्या शिक्क्यात असते. आता रंग साफ उडाला होता. शिक्का घासून पुसट झाला होता, आणि पिस्तूल सणासुदीच्या तांब्यासारखं चमकत होतं.

"मीच घासलं जी," सिंधुताई म्हणाल्या. "भांड्याची पावडर अन् काथ्या. पाहुन्यासमोर काळंकुट्ट कसं ठेवाव?"

त्या पिस्तुलाकडे पाहत नव्हत्या. दिवाकरच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"मी ड्यूटीवर होतो, अंकल. लौटा तो ये हाल," त्यांचा मुलगा शुभम ओशाळून म्हणाला. हुडको कॉलनीतलं हे घर रिकामं करून तो आईला हैदराबादला नेणार होता. तिथल्या फ्लॅटमध्ये हत्यार नको, हे त्यानंच ठरवलं होतं. शुभमचे वडील रामाजी गेल्यावर लायसन्स सिंधुताईंच्या नावावर झालं होतं. विक्रीची परवानगी मात्र शुभमनं धावपळ करून आणली होती.

दिवाकरनं पिस्तूल उलटंपालटं करून पाहिलं. त्याच्या लायसन्सवर एकाच हत्याराची जागा उरली होती. बँकेतून निवृत्त झाल्यावर एखादं इतिहास असलेलं पिस्तूल घ्यावं, रविवारी कधीतरी रेंजवर चार गोळ्या माराव्यात, एरवी नुसतं पाहत बसावं, हा त्याचा जुना शौक. रायपूरच्या दुकानात त्याच काळातलं बेल्जियन ब्राउनिंग आलं होतं. मूळ रंग, सगळे शिक्के जागच्या जागी. असं हत्यार पुन्हा नजरेला पडणार नव्हतं, आणि दुकानदाराला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. तरी आधी रामाजींचं वॉल्थर पाहू, म्हणून तो इथे आला होता.

त्यानं मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढली आणि नळी उजेडाकडे धरली.

"आतून गंज पकडला असन," सिंधुताई म्हणाल्या.

"नाही वहिनी. नळी ठणठणीत आहे."

"अटकते पन. हे म्हनत होते, गोळी अटकते म्हून."

रामाजींच्या हातात ते कधी अडकलेलं दिवाकरला आठवेना. वहिनींना काय कळणार त्यातलं, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

"रायपूरवालं चांगलं हाय म्हनते शुभम. तेच घ्या न भाऊ. आमाले वाईट नाई वाटनार."

"आई, तू चूप बस ना," शुभम वैतागला.

दिवाकरला भरून आलं. आपल्या ताकाला कुणी आंबट म्हणत नाही, आणि ही बाई गिऱ्हाइकाला घरबसल्या परत पाठवायला निघाली होती! बिचारीनं पाहुणा येणार म्हणून जीव लावून घासलं, आणि त्या घासण्यानंच माल मातीमोल झाला. हे तिला कोण सांगणार? आणि कोणत्या तोंडानं?

त्याच्या तोंडानं तर मुळीच नाही. रोलिंग मिलमधून थकून आलेले रामाजी त्याला रेंजवर नेत, मागे उभे राहून मनगट धरत, श्वास रोखायला शिकवत. शेवटच्या आजारपणात त्यांनी निरोप धाडला होता, एकदा रेंजवर घेऊन चल. बँकेत ऑडिट होतं. पुढच्या रविवारी नेतो, असं दिवाकर म्हणाला. तो रविवार उजाडला तेव्हा त्यांना शिवनाथ नदीच्या घाटावर न्यायची वेळ आली होती. त्या रविवारची टोचणी अजून गेली नव्हती.

त्यानं तिथेच बसून रायपूरला फोन लावला. "ब्राउनिंग दुसऱ्या कुणाला द्या," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग तो हसून म्हणाला, "वहिनी, काय झकास चकाकवलंय! जुनं हत्यार असंच ठेवायला पाहिजे."

आयुष्यात इतकं धडधडीत खोटं तो कधी बोलला नव्हता.

"म्हंजे... घेता?"

"घेतो म्हणजे काय! रामाजींचं पिस्तूल दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ देईन का?"

सिंधुताईंचे डोळे भरून आले. शुभमनं कागद पुढे केले. सही करायला त्यांनी फार वेळ लावला. मग "चहा ठेवतो" म्हणून त्या आत गेल्या, त्या बाहेर आल्याच नाहीत. शुभम चुळबुळ करू लागला. दिवाकरनंच त्याला खुणेनं थांबवलं. राहू दे, त्यांचं मन भरून आलंय.

फाटकाबाहेर त्यानं पिस्तूल सोबत आणलेल्या पेटीत घालून स्कूटरच्या डिकीत कुलूपबंद केलं. ब्राउनिंग हातचं गेलं याचं वाईट वाटत होतंच. पण फार दिवसांनी रामाजींसाठी काहीतरी केल्यासारखंही वाटत होतं. हेल्मेट आतच राहिलं होतं. शुभमला "गाडीजवळ थांब" म्हणून तो परत फिरला.

बैठकीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरातून सिंधुताईंचा दबका आवाज येत होता. नागपूरला दिलेल्या लेकीशी, उन्नतीशी, त्या फोनवर बोलत होत्या.

"नेलं वो माय त्यानं. तू तं म्हनली होती, रंग उडाला का शौकीन मानूस हात पन लावत नाई... शुभमले मी नाई म्हनू नाई शकली, म्हून तुह्या बाबाची माफी मागू मागू घासलं. वाटलं, कोनीच नाई घेतलं, त माह्याजवळच राहीन."