उजवीकडचं कोरं पान

उजवीकडचं पान कोरं होतं. तिने पुढची चार पानं चाळली. तिथेही काही नव्हतं. डावीकडे मात्र बाबांच्या हातचा प्रश्न होता, अक्षर तिरकं गेलेलं: 'एवढ्या लोकांनी एवढी प्रार्थना केली, तरी आजारी माणूस बरा का होत नाही?'

बाबांच्या शिवणाच्या दुकानात ती कापायच्या टेबलाला टेकून उभी होती. सहा वाजता चर्चमध्ये बाबांची स्मरणसभा. पाळकसाहेब म्हणाले होते, "शेवटची प्रार्थना तू म्हण, बाळ." ती हो म्हणून बसली होती. पण बाबा गेल्याला महिना होत आला, तरी तिच्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द फुटला नव्हता. डोळे मिटले की हाच प्रश्न आडवा यायचा. बाबांनी याचं काहीतरी उत्तर लिहून ठेवलं असेल, या एका आशेवर ती मापांची वही शोधत होती. सापडली ती दवाखान्यातून परत आलेल्या पिशवीत.

त्या वहीला दोन तोंडं होती. पुढून उघडली की गिऱ्हाइकांची मापं: छाती, कंबर, बाही. मागून उघडली की मास्तर. मास्तर म्हणजे गणिताचे शिक्षक, बाबांचे पस्तीस वर्षांचे मित्र आणि अट्टल नास्तिक. शाळा सुटली की ते दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे आणि बायबलमधली एक चूक काढायचे. निवृत्त झाल्यावरही ती वेळ त्यांनी चुकवली नाही. बाबा जागच्या जागी उत्तर देत नसत. 'मास्तर म्हणतात' असं लिहून डाव्या पानावर प्रश्न टिपायचे आणि आठ-आठ दिवस मशीन चालवता चालवता तो मनात घोळवायचे. मग उजव्या पानावर उत्तर उतरायचं. नीट आखल्याशिवाय कात्री लावायची नाही, असा त्यांचा खाक्या.

लहानपणी ती याच टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून अभ्यास करायची. म्हणजे अभ्यासाचं सोंग करायची आणि कान वर ठेवायची.

'मास्तर म्हणतात, येशूच्या कबरेपाशी चारांपैकी एका शुभवर्तमानात एक देवदूत आहे, दुसऱ्यात दोन. खरं कुठलं?'

'चार शिंप्यांनी एकाच माणसाचं माप घेतलं, तर आकडे थोडे इकडेतिकडे होतात. त्यावरून तो माणूस नव्हताच, असं ठरत नाही.'

हे ऐकून मास्तर म्हणाले होते, "तरीच तू शिवलेली पॅन्ट मला कंबरेत घट्ट होते!" बाबा इतके हसले की तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या आणि तिला त्या वेचाव्या लागल्या.

'मास्तर म्हणतात, आदामाचा मुलगा काइन, त्याला बायको कुठून मिळाली?' या प्रश्नाने तर तीन आठवडे खाल्ले. 'पुढचाच अध्याय वाचावा. आदामाला मुलीही होत्या,' असं बाबांनी वाचून दाखवलं मात्र, मास्तर स्टुलावरून उठलेच. "म्हणजे सख्खी बहीण? वा रे वा!" वाद असा पेटला की शेवटी आई आतून ओरडली, "मिळाली ना त्याला बायको? तुम्हा दोघांनासुद्धा मिळाल्याच की! आता जेवायला चला. देव कुठे पळून जात नाही."

पानांमागून पानं. दोन्ही बाजू भरलेल्या. शेवटचं तेवढं अर्धं.

"अगं, तू अजून इथेच? साडेपाच झाले." मास्तर दारात उभे होते, सभेला निघालेले. हल्ली ते काठी घेऊन चालत.

तिने वही त्यांच्यापुढे धरली. इतके दिवस आवरून धरलेला आवाज चढला. "काका, मरणाच्या दारातल्या माणसाला हे विचारलंत तुम्ही? पस्तीस वर्षं कमी पडली? जिंकलात शेवटी. नाही देता आलं त्यांना उत्तर."

मास्तरांनी चष्मा लावला. वाचलं. मग स्टूल चाचपून खाली बसले.

"'मास्तर म्हणतात' कुठे आहे यात?"

तिने पाहिलं. नव्हतं.

"हा प्रश्न माझ्या खिशात पहिल्यापासून होता," ते म्हणाले. "सगळ्यात जड. पण तुझा बाप दवाखान्यात गेला त्या दिवशी ठरवलं, हा बाहेर काढायचा नाही. मी नाही विचारला, पोरी. त्याने मला विचारला. शेवटच्या आठवड्यात. तू औषधं आणायला खाली गेली होतीस."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? उत्तरं देणं त्याचं काम. मी आपला जन्मभर उसवत आलो." मास्तरांनी चष्मा काढला. "घाबरला होता गं तो. तसं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे नुसता बघत राहिला. तेव्हा मग दुकान बंद करताना तो जी प्रार्थना म्हणायचा ना, ती मला पाठ झालेली आहे, ऐकून ऐकून. त्याचा हात धरला आणि तीच म्हटली. सगळी."

"तुम्ही?"

"मी. पण माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. त्याच्यापुढे खोटं कसं बोलू? म्हणून शेवटच्या शब्दाआधी थांबलो." मास्तरांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "आमेन तो म्हणाला."