तिचा इन्सेंटिव्ह

पाकिटं वाटली गेली तेव्हा काकांनी आपलं उघडायच्या आधी तिच्याकडे पाहिलं. तिचं जाड होतं.

गाद्यांच्या त्या दुकानात काका सगळ्यांत जुने सेल्समन. ती येऊन जेमतेम वर्ष झालेलं. मागच्या खोलीत, उभ्या रचलेल्या गाद्यांच्या आडोशाला दोघं चहा पीत होती. काकांचं लक्ष तिच्या पाकिटावरच होतं.

"बोनस बरा दिसतोय तुझा," ते सहज बोलल्यासारखं बोलले.

"बोनस कुठला, काका? इन्सेंटिव्ह आहे. बघा की." तिने सरळ कागदच पुढे केले.

पाकीट जाड होतं ते कागदांमुळे. तळाची बेरीज काकांच्या बोनसच्या निम्मीही नव्हती. त्यांच्या जिवात जीव आला. मग ते वरून वाचू लागले. एकेक गादी, तारीख, गिऱ्हाइकाचं नाव आणि पुढे तिचा वाटा. पाठदुखीवाले शिक्षक. वसतिगृहाच्या बाई. नवऱ्याला कडक आणि बायकोला मऊ हवी म्हणून दुकानातच जुंपलेलं ते जोडपं.

"ह्यांना तासभर मी समजावलं होतं."

"हो ना. पण दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तुम्ही जेवायला गेला होतात. महागात पडलं जेवण." ती हसली. काकांना हसू आलं नाही.

काकांच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर एकच ओळ होती. बोनस, आणि आकडा. तीन वर्षांपूर्वी इन्सेंटिव्ह सुरू झाला तेव्हा मालकांनी त्यांनाही विचारलं होतं. 'मी काय दलाल आहे?' म्हणून काकांनीच नको म्हटलं होतं.

ते चिठ्ठी घेऊन मालकांच्या केबिनमध्ये गेले. "यात कशाचं किती धरलंय?"

"धरायचं काय त्यात? तिचं मोजून द्यावं लागतं. तुमचं आम्ही मनाने देतो."

"आणि यंदा मनात आलं नसतं तर?"

मालकांनी मान वर केली. "कमी वाटतंय का, काका? तसं सांगा. थोडे वाढवू."

"नको," काका म्हणाले.

बाहेर एक म्हातारे गृहस्थ दारातून आत येत होते. ती पुढे झाली, पण काका तिच्याही आधी पोहोचले. त्यांनी गृहस्थांना चार गाद्यांवर झोपवलं, कूस बदलायला लावली, उठताना हात दिला. पाचवी पसंत पडली.

"पावतीवर माझं नाव टाका," काका कॅशियरबाईंना म्हणाले.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं कशाला? तुम्हाला तर तसंच मिळतं."

"तरी टाका."

बाईंनी लिहायला घेतलं. शेवटचं अक्षर होईपर्यंत काका काउंटरपासून हलले नाहीत.