म्हशीचा खुराक

अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि बाळापूरच्या आशाबाईंनी दारात म्हैस बांधली. ती गाभण होती, वर दूधही देत होती. सून जमुनाही पोटुशी होती, वर थोरल्याला अंगावर पाजत होती.

"लेकरू पोटात लय वाढलं तं अडते. तू अर्धीच भाकर खाय," आशाबाईंनी सुनेला बजावलं. "अन् म्हशीले गूळ घालून ज्वारी शिजव. दोन जिवांची हाय बिचारी."

जमुना रोज ज्वारीचं पातेलं घेऊन गोठ्यात जाई.

महिन्याभरात म्हशीच्या बरगड्या दिसू लागल्या.

"अर्ध्या भाकरीवर तू कशी भरली पाहा! म्हैसच वाळून राहिली. उद्यापासून तिची ज्वारी दुप्पट कर," आशाबाई म्हणाल्या.

जमुनानं गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.


"घे बाई, आता तुलेबी भेटन."