शेवंताबाईंचे गुडघे

कारखान्यात टाळ्या वाजत होत्या आणि दिगंबरच्या हातात 'उत्कृष्ट कायझेन'ची, म्हणजे कामात केलेल्या सुधारणेची, ट्रॉफी होती. गर्दीत मागे उभ्या शेवंताबाईही टाळ्या वाजवत होत्या.

धुतलेल्या गिअरचे क्रेट वॉशिंग मशीनपासून दिगंबरच्या ड्रिलपर्यंत आणणं, हे शेवंताबाईंचं वर्षानुवर्षांचं काम. हल्ली त्या वाटेत गुडघा धरून थांबायच्या. त्याला ते बघवेना. मग त्याने भंगारातले पाइप जोडून एक घसरगुंडी केली. क्रेट आपोआप त्याच्यापर्यंत येऊ लागले.

"बाईंना तेवढाच आराम, साहेब," तो मॅनेजरना म्हणाला होता.

साहेबांनी स्टॉपवॉच लावून पाहिलं आणि फळ्यावर लिहिलं, 'अनावश्यक ने-आण बंद.' मग ठेकेदाराने शेवंताबाईंना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आज त्यांचा शेवटचा दिवस होता. जेवणाची घंटा झाली. दिगंबरसाठी आणलेल्या भाकरीचा डबा त्या रोज क्रेटवर ठेवून आणायच्या. आज त्यांनी तो घसरगुंडीवर सोडला. डबा अलगद त्याच्या हातात आला.

पलीकडून त्या म्हणाल्या, "खरंच भाऊ, एक पाऊलसुद्धा टाकावं लागलं नाही."