जास्तीचे दोन तास

"होय म्हण, शंकर! डोळे झाकून होय म्हण!" विठोबा फोनवर ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली. त्याची बायको कृष्णाबाई पडवीतच बसली होती. तिने ऐकलं होतं.

शंकर विठोबाचा साडू. त्याची बायको सुगंधा, कृष्णाबाईची धाकटी बहीण, गोव्यातल्या इस्पितळात होती. उद्या तिच्या छातीतल्या कॅन्सरचं ऑपरेशन. काखेतल्या गाठीही काढायच्या होत्या. तिथे तुटणाऱ्या, हातातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या लगेच शिरेला जोडू का, असं डॉक्टरीणबाईंनी शंकरला विचारलं होतं. हात सुजायची भीती बरीच कमी होते. भूल मात्र दोन तास जास्त.

हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी, कृष्णाबाईच्या अशाच ऑपरेशनच्या वेळी, विठोबालाही विचारला होता. खवळलेल्या दर्यात होडी घालणारा गडी, पण जास्तीचे दोन तास ऐकूनच गारठला. "आमचं माणूस जिवंत द्या, हाताचं मागाहून बघू," असं शुद्ध मराठीत सांगून मोकळा झाला. शिर सलामत तर पगडी पचास! घरी मात्र कोणाला बोलला नाही.

कृष्णाबाई वाचली. सहा महिन्यांत तिचा उजवा हात फुगला. मालवणच्या बाजारात तिच्याएवढी झरझर सुरमई कापणारी दुसरी नव्हती. आता माशाचा काटा लागला तरी हात लालबुंद होऊन ताप भरतो. म्हणून मासे विठोबा कापतो, वेडेवाकडे, आणि गिऱ्हाइकांची बोलणी खातो. रोज सकाळी तिच्या हाताला पट्टीही तोच गुंडाळतो. गुंडाळताना तिच्याकडे बघत नाही.

आज तो तिच्यापुढे येऊन बसला.

"माकाव इचारलेला गो तेव्हा. मीच नको म्हटलंय. भियालो."

"ठावक आसा," कृष्णाबाई म्हणाली. "डॉक्टरीण आदी माझ्याकडेच इल्ली. मी सांगलंय, आमचे हे ठरवतले."

"तुका व्हया हुता?"

"व्हया हुता. माका वाटला, तुमी होयच म्हणतलात."

विठोबाला रडू फुटलं. तिचा जड हात त्याने मांडीवर घेतला. मग त्याने पुन्हा फोन लावला.

"शंकर, मी सांगलेला इसर. आदी सुगंधाक इचार. आनी ती 'तुमीच ठरवा' म्हणाक लागली, तर परत इचार."