विझलेली शेगडी

इंग्लंडमधल्या संडरलंडमध्ये जानेवारी निम्मा सरला तरी थंडी हटेना. गॅसचं बिल परवडेना म्हणून थेल्माने बाकीच्या खोल्या बंद करून एकाच खोलीत बिऱ्हाड हलवलं. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या, भिंतीतल्या वाऱ्याच्या जाळीतही जुना टॉवेल कोंबला. जुन्या गॅसशेगडीसमोर ती आणि तिचा नवरा कथबर्ट दिवसभर बसून राहत.

"डोकं फार ठणकतंय गं," त्या दुपारी कथबर्ट म्हणाला.

"वय झालं तुझं. पड जरा," म्हणत तिनेही डोळे मिटले.

तिला जाग आली ती कुडकुडतच. शेगडी विझली होती. आगाऊ भरलेले पैसे संपून गॅसचा मीटर शून्यावर आला होता.

"मेला मीटर! एक दुपार सुखाने काढू देत नाही," असं पुटपुटत तिने कथबर्टला हलवलं. तो उठेना. ती दाराकडे धावली, तर तिचेच पाय लटपटले. कसंबसं दार उघडून तिने शेजाऱ्यांना हाका मारल्या.

संध्याकाळी रुग्णालयात कथबर्टने डोळे उघडले, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, बंद खोलीत शेगडीचा विषारी वायू कोंडला होता. शेगडी वेळेवर बंद केलीत म्हणून दोघं वाचलात."

"मी कुठे बंद केली? मीटरमधले पैसे संपले."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला.

"आजी, बरं झालं, तुमच्याकडे आणखी पैसे नव्हते."