नेव्हिलचा कान

"बंद नको करूस, चालू ठेव!" नेव्हिल ओरडला आणि गार्थच्या पिकअपच्या बॉनेटखाली वाकला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यानं वॉटर पंपावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. त्या मुलखातल्या सगळ्या गाड्या अशाच तपासल्या जायच्या. नेव्हिलनं कान लावून ठीक आहे म्हटलं, की गाडी ठीक. पुढं कुणी काही विचारायचं नाही.

स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराआड त्याची बायको मेव्हिस हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली. पंप फिरवणारा पट्टा किंचाळत होता, तो तर गाडी फाटकातून आत आली तेव्हापासूनच. पण त्या किंचाळण्याच्या पोटात दुसरा आवाज होता. खरखर, दळणात खडा आल्यासारखी. पंपाचं बेअरिंग गेलं होतं. ते जाम झालं की पट्टा तुटणार, पट्टा तुटला की इंजिनातलं पाणी फिरायचं थांबणार आणि इंजिन तापून बसणार. हे सगळं तिला नेव्हिलनंच तर शिकवलं होतं.

"काय म्हणतंय, काका?" गार्थनं विचारलं.

नेव्हिल डोळे मिटून तसाच. गार्थनं त्याच्या खांद्याला हात लावून पुन्हा विचारलं.

"काही नाही रे. पट्टा कोरडा पडलाय, बोंबलतोय उगाच."

इंजिन बंद करायला लावून त्यानं खिशातली साबणाची वडी पट्ट्यावर आतून घासली. गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा किंचाळणं पार गेलं होतं. गार्थ खूश झाला. खरखर होतीच, पण इंजिनाच्या धडधडीत ती त्या पोराला काय कळणार! आणि ज्याला कळायला हवी त्याला आता कपबशी फुटलेलीसुद्धा ऐकू येत नव्हती.

मेव्हिस बाहेर आली. गाडीत गार्थची बायको टीगन तापानं फणफणलेल्या बाळाला ओल्या फडक्यानं पुसत होती. गावोगाव फिरणाऱ्या डॉक्टरचं विमान आज बिरिगनला उतरणार होतं. तिथपर्यंत मध्ये ना घर, ना झाड, आणि वर जानेवारीचं, म्हणजे इकडच्या भर उन्हाळ्याचं ऊन.

"चहा घेऊन जा ना. ऊन उतरू दे जरा."

"काकू, विमान थांबतंय होय आमच्यासाठी?"

"इंजिन तापलं तर कळेल का रे तुला?"

"काटा तर कधीच मेलाय," गार्थ हसला. "पण काकांनी कान लावलाय ना, मग झालं तर!"

मेव्हिसनं तोंड उघडलं. नेव्हिल तिच्याकडेच बघत होता. मागं एकदा गिऱ्हाइकासमोर ती नुसतं "तुला ऐकू नाही आलं का रे?" म्हणाली होती. त्या संध्याकाळी तो बंदूक घेऊन पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसला होता. तेव्हापासून बंदुकीच्या कपाटाची किल्ली तिच्या पिठाच्या डब्यात असते.

तिनं तोंड मिटलं. आत जाऊन पाण्याचे दोन्ही मोठे कॅन ओढत आणले आणि मागं चढवले.

"गाडी बंद पडली तर सोडून चालायला लागायचं नाही. गाडीखाली सावलीत बसायचं. ऐकलंस?"

"अगं, ठणठणीत आहे गाडी," नेव्हिल म्हणाला. "कशाला घाबरवतेस पोरांना?"

टीगननं बाळाचा हात धरून हलवला, टाटा केला. गाडी निघाली.

मेव्हिस फाटकापाशी उभी राहिली. सपाट माळ, वारा पडलेला. गाडी दिसेनाशी झाली, लाल धुरळा तेवढा दिसत राहिला. मग साबण उडाला असावा, पट्टा पुन्हा किंचाळायला लागला. बारीक, लांबून, पण तिला स्पष्ट ऐकू येत होता. गार्थलाही येत असेल, पण काकांनी सांगितलं होतं ना, उगाच बोंबलतोय म्हणून. आवाज चढत गेला, चढत गेला आणि तुटला. एकदम सगळं गप्प झालं.

धुरळा मात्र पुढं पुढं चाललाच होता.

ती वळली. नेव्हिल बाजूलाच उभा होता. त्याच्या हातात स्वतःच्या गाडीची किल्ली होती, कधी काढून आणली कोण जाणे. तो रस्त्याकडं बघतच नव्हता. मघापासून तो फक्त तिच्या चेहऱ्याकडं बघत होता.

"थांबला का गं आवाज?" त्यानं विचारलं.